कंपनी सरकारच्या लष्करी अधिकाऱ्याचे चरित्र कागदपत्रांवरून कसे जुळवावे

१८१८ च्या एप्रिलमध्ये सातारच्या गादीवर छत्रपती प्रतापसिंहांची पुन्हा स्थापना झाली. त्या सुमारास कंपनी सरकारने साताऱ्याची व्यवस्था पाहण्यासाठी जो तरुण अधिकारी नेमला, त्याला आज मराठी वाचक मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ म्हणून ओळखतो. त्या वर्षी मात्र ग्रँट डफ नावाचा कोणीही माणूस साताऱ्यात नव्हता. होता तो जेम्स ग्रँट. ‘डफ’ हे नाव त्याने पुढे १८२५ च्या सुमारास जोडले, कारण स्कॉटलंडमधील ईडन ही आईच्या घराण्याची मिळकत तेव्हा त्याच्याकडे आली. १८५० मध्ये पत्नीला फाइफ परगण्यातील मिळकत वारशाने मिळाली आणि ‘कनिंगहॅम’ हे तिसरे नाव त्याला चिकटले. १८१८ च्या लष्करी यादीत ‘डफ’ शोधणाऱ्याला तो सापडणार नाही आणि १८५८ च्या मृत्यूच्या नोंदींत नुसता ‘ग्रँट’ शोधणाऱ्यालाही तो सहजासहजी सापडणार नाही.

कंपनीच्या फौजेतील अधिकाऱ्याचे चरित्र लिहू पाहणाऱ्याची खरी अडचण या एका उदाहरणात दिसते. कागद दुर्मीळ आहेत अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते, पण अशा अधिकाऱ्याबाबत ती फारशी खरी नाही. कंपनी सरकार कागदाच्या बाबतीत अत्यंत उधळे होते. अडचण अशी की माणसाचे नाव, हुद्दा, पलटण आणि नेमणूक यांपैकी एकही गोष्ट स्थिर नसते, आणि कोणत्याही कागदावर लिहिलेली माहिती त्या कागदाच्या तारखेपुरतीच खरी असते. पुढील सर्व सूचना या एकाच गोष्टीभोवती फिरतात. त्यांसाठी मी मुख्यतः ग्रँटचेच उदाहरण घेतले आहे, कारण मराठी वाचकाला तो ओळखीचा आहे आणि त्याच्या आयुष्यात बहुतेक सगळे खाचखळगे एकत्र आले आहेत.

तारखांची वही

कामाची सुरुवात वाचनाने न करता एका वहीने करावी. वहीत प्रत्येक ओळीवर एकच तारीख लिहावी आणि तिच्यापुढे त्या दिवशीचा हुद्दा, त्या दिवशीचे पलटणीचे नाव, अधिकारी प्रत्यक्ष होता ते ठिकाण, तो पाहत असलेले काम आणि ही माहिती ज्या कागदातून मिळाली तो कागद, असे पाच स्वतंत्र रकाने ठेवावेत. पलटणीचा रकाना आणि ठिकाणाचा रकाना एकच समजण्याचा मोह होतो, तो कटाक्षाने टाळावा. त्याचे कारण पुढे येईल. माहिती नसलेले रकाने रिकामे सोडावेत. रिकाम्या रकान्याचा पुढे उपयोग होतो, अंदाजाने भरलेल्या रकान्याचा होत नाही.

छापील चरित्रकोशांतील टिपण वहीत उतरवताना ते वेगळ्या शाईने लिहावे. अशी टिपणे शोधाची दिशा दाखवण्यासाठी उत्तम असतात, परंतु ती बहुधा कुटुंबाने पुरवलेल्या माहितीवर किंवा मृत्यूनंतरच्या गौरवलेखावर बेतलेली असतात. त्यांतील एखादे वर्ष चुकीचे असले तर पुढची शंभर वर्षे तेच वर्ष एका ग्रंथातून दुसऱ्या ग्रंथात उतरत राहते.

कोणाची फौज?

पहिला प्रश्न असा विचारावा की हा अधिकारी नोकरीला कोणाच्या होता. १८५८ पूर्वी हिंदुस्थानात इंग्रजांच्या दोन प्रकारच्या फौजा वावरत होत्या. एक राजाची म्हणजे ब्रिटिश सरकारची, जिच्या पलटणी काही वर्षांसाठी इकडे पाठवल्या जात; आणि दुसरी कंपनीची स्वतःची. कंपनीच्या फौजेचेही बंगाल, मद्रास आणि मुंबई असे तीन स्वतंत्र विभाग होते. प्रत्येकाचा सेनापती, बढतीची यादी आणि दप्तर वेगळे होते. हे तिन्ही विभाग १ एप्रिल १८९५ रोजी एकत्र झाले. राजाच्या फौजेत पायदळातील आणि घोडदळातील हुद्दे पैसे भरून विकत घेता येत आणि ही पद्धत १८७१ पर्यंत चालू होती. कंपनीच्या फौजेत हुद्दा विकत मिळत नसे. तेथे प्रवेश संचालकाच्या शिफारशीने आणि बढती ज्येष्ठतेने होई. म्हणून जुन्या पत्रात एखाद्याने ‘कंपनी विकत घेतली’ (म्हणजे पलटणीतील तुकडीचा कॅप्टन होण्याचा हुद्दा पैसे भरून घेतला) असे वाक्य आले, तर तो राजाचा अधिकारी आहे असे समजून त्याचे कागद लंडनजवळील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात, युद्ध खात्याच्या दप्तरात शोधावेत. कंपनीच्या अधिकाऱ्याचे कागद ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत.

अधिकारी ज्या मुलखात प्रसिद्ध झाला त्यावरून त्याची फौज ठरवू नये. खानदेशात १८१८ पासून कारभार पाहणारा आणि पुढे साताऱ्यात ग्रँटच्या जागी आलेला जॉन ब्रिग्ज हा मद्रास फौजेतील अधिकारी होता. मुंबईच्या यादीत त्याला शोधणारा माणूस महिनाभर हात चोळत बसेल. मुलकी आणि राजकीय कामांसाठी अधिकारी एका इलाख्यातून दुसऱ्यात उसने दिले जात, आणि त्यांची ज्येष्ठता मात्र मूळ इलाख्यातच चालू राही.

नावांचा गुंता

एकाच नावाची माणसे वेगळी करणे हे यानंतरचे काम आहे आणि ते अनेक जण फार लवकर उरकतात. जेम्स ग्रँट याच नावाचा एक अधिकारी अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये सरिश्तेदार म्हणजे महसुली दप्तराचा अधिकारी होता आणि तेथील महसुलावर त्याने लिहिले होते. जेम्स ऑगस्टस ग्रँट हा बंगाल फौजेतील अधिकारी पुढे नाईल नदीच्या उगमाच्या शोधासाठी नावाजला. जेम्स होप ग्रँट हा राजाच्या फौजेतील सेनानी १८५७ च्या लढायांत होता. आडनाव आणि हुद्दा एवढ्यावर विसंबून नोंदी जमवल्या तर या चौघांचे एक विलक्षण कर्तबगार चरित्र तयार होईल. माझ्या स्वतःच्या वहीत एकदा दोन सख्ख्या भावांची काही वर्षे एकमेकांत मिसळली होती आणि ते ध्यानात आले तेव्हा अर्धी वही पुन्हा लिहावी लागली. त्यावर उपाय एकच आहे: प्रत्येक नोंद नावाला न जोडता, नाव, इलाखा आणि नोकरीचे पहिले वर्ष या तिहेरी खुणेला जोडावी. कंपनीच्या छापील याद्यांत नेमणुकीचा ‘हंगाम’ म्हणजे तो कॅडेट म्हणून ज्या वर्षाच्या तुकडीत आला ते वर्ष दिलेले असते. तीच खूण सर्वांत भरवशाची आहे. ग्रँटच्या बाबतीत ते वर्ष १८०५ आहे.

मराठी कागदांत हा गुंता आणखी वाढतो, कारण मोडी लिहिणाऱ्या कारकुनाने इंग्रजी नाव कानाला जसे लागले तसे लिहिले आहे. जानेवारी १७७९ मध्ये वडगावच्या मोहिमेत कार्ल्यापाशी मारला गेलेला कॅप्टन जेम्स स्टुअर्ट आपल्या इतिहासात ‘इष्टूर फाकडा’ म्हणून राहिला आहे; ज्याला हे ठाऊक नाही त्याला मराठी कागदात स्टुअर्ट कधीच भेटणार नाही. म्हणून शोध सुरू करण्यापूर्वी त्या नावाची मराठी कानाला सुचतील तेवढी रूपे कागदावर मांडावीत, शब्दारंभीच्या जोडाक्षरापूर्वी ‘इ’ लावून पाहावा, आणि ‘साहेब’, ‘बहादूर’, ‘कप्तान’, ‘कर्नेल’, ‘जनराल’ या उपपदांसह शोधावे. अनेक पत्रांत नाव मुळी नसतेच, नुसते ‘साहेब’ असते. तेथे पत्राची तारीख आणि ठिकाण यांवरून तो साहेब कोण हे ठरवावे लागते, आणि त्यासाठीच ठिकाणाचा रकाना स्वतंत्र ठेवावयाचा असतो.

कॅडेटचे कागद

कंपनीच्या अधिकाऱ्याच्या आयुष्यातील पहिला भरवशाचा कागद म्हणजे त्याचा कॅडेट म्हणून केलेला अर्ज. इंडिया ऑफिसच्या दप्तरात ‘एल/एमआयएल/९’ या खुणेखाली १७८९ ते १८६० पर्यंतचे असे अर्ज आहेत. त्यांत बाप्तिस्म्याचा दाखला, शिक्षणाची थोडी हकीकत, नाव सुचवणारा संचालक आणि ज्याच्या शब्दावरून संचालकाने नाव सुचवले तो मध्यस्थ यांची नोंद असते. कंपनीचे २४ संचालक आणि त्यांच्या वाट्याला येणाऱ्या जागा हा त्या काळच्या मध्यमवर्गीय इंग्रजी व स्कॉटिश घरांच्या आशेचा मोठा भाग होता. वडील गेल्यावर आईने वाढवलेल्या मुलाला हिंदुस्थानची वाट कशी सापडली, याचे उत्तर पुष्कळदा त्या मध्यस्थाच्या नावात दडलेले असते. ग्रँटचा जन्म ८ जुलै १७८९ रोजी स्कॉटलंडमधील बॅन्फ येथे झाला. दहाएक वर्षांचा असताना वडील वारले आणि आई मुलांना घेऊन ॲबर्डीनला गेली. कंपनीच्या मुलकी नोकरीसाठी त्याची तयारी चालली होती. परंतु तेथे जागा मिळण्यास उशीर लागेल असे दिसताच त्याने लष्करातील कॅडेटची जागा घेतली. म्हणजे मराठ्यांचा पहिला विस्तृत इंग्रजी इतिहास लिहिणारा हा माणूस शिपाई झाला तो उतावळेपणामुळे, हे त्याच्या प्रवेशाच्या हकिकतीवरूनच कळते.

तोफखाना आणि इंजिनियर यांच्यात जाणारी मुले १८०९ ते १८६१ या काळात बहुधा ॲडिस्कोम येथील कंपनीच्या लष्करी शाळेतून आलेली असतात. तिची परीक्षांची पत्रके वेगळी पाहावीत. पायदळात जाणाऱ्या बहुतेकांना असे शिक्षण नसे.

हुद्द्याची तारीख

चरित्रांत सर्वाधिक चुका हुद्द्याच्या बाबतीत होतात. पायदळात कॅडेट, एन्साइन, लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, लेफ्टनंट-कर्नल, कर्नल अशी चढण होती. घोडदळात एन्साइनच्या जागी कॉर्नेट असे. कंपनीच्या फौजेत मेजरपर्यंतची बढती पलटणीच्या आतच ज्येष्ठतेने मिळे. वरचा माणूस मेला, निवृत्त झाला किंवा बढतीने बाहेर गेला, तरच खालचा वर सरके. त्यामुळे एखाद्याला सहा वर्षांत कॅप्टनचा हुद्दा मिळाला आणि दुसऱ्याला अठरा वर्षे लागली, यावरून पहिला दुसऱ्याहून शूर किंवा हुशार होता असा निष्कर्ष काढणे चूक आहे. पहिल्याच्या पलटणीत ताप किंवा लढाई जास्त माणसे घेऊन गेली, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. चरित्रात बढतीचे वर्ष देताना जागा कोणाच्या जाण्याने रिकामी झाली हेही यादीतून शोधून काढावे. त्या एका ओळीने वाचकाला पलटणीचे वातावरण जितके कळते तितके पानभर वर्णनाने कळत नाही.

या संथपणावर तोड म्हणून ‘ब्रेव्हेट’ नावाचा प्रकार होता. पलटणीतील जागा रिकामी नसतानाही अधिकाऱ्याला फौजेतील वरचा हुद्दा मानाने दिला जाई. पंधरा वर्षे कॅप्टनखालच्या हुद्द्यांवर काढलेल्या अधिकाऱ्याला ब्रेव्हेट कॅप्टन करण्याचा कंपनीत रिवाज होता. असा माणूस एकाच दिवशी पलटणीत लेफ्टनंट आणि फौजेत कॅप्टन असे. पत्रांत आणि थडग्यावर त्याला कॅप्टन म्हटलेले असते आणि पलटणीच्या यादीत तो लेफ्टनंट असतो, आणि दोन्ही बरोबर असते. म्हणून वहीतील हुद्द्याच्या रकान्यात एक उभी रेघ मारून पलटणीतील हुद्दा आणि फौजेतील हुद्दा वेगळे लिहावेत. थडग्यावरील हुद्दा शेवटी तपासावा, आधी नव्हे; तो दगड बहुधा मृत्यूनंतर काही काळाने मित्रांनी वर्गणी काढून बसवलेला असतो आणि मित्र हुद्द्याच्या बाबतीत नेहमीच उदार असतात.

पलटणीचे बदलते नाव

पलटणीचे आकडे हा दुसरा मोठा सापळा आहे. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा कोरेगाव येथे कॅप्टन स्टाँटन याच्या हाताखाली लढलेले पायदळ हे मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन होते. १८२४ मध्ये दोन-दोन बटालियनांच्या रेजिमेंटी मोडून प्रत्येक बटालियनची स्वतंत्र रेजिमेंट करण्यात आली, तेव्हा ही बटालियन दुसरी ग्रेनेडियर रेजिमेंट झाली. १९०३ मध्ये किचनेरच्या पुनर्रचनेत ती १०२ वी ग्रेनेडियर्स झाली आणि १९२२ मध्ये चौथ्या बॉम्बे ग्रेनेडियर्सची दुसरी बटालियन झाली. आजच्या भारतीय सैन्यातील ग्रेनेडियर्स हा त्याच वंशाचा पुढचा दुवा आहे. ‘दुसरी’ हा शब्द १८१८ मध्ये एका अर्थाने, १८२४ नंतर दुसऱ्या अर्थाने आणि १९२२ नंतर तिसऱ्या अर्थाने वापरला गेला आहे. ज्याने वहीत नुसते ‘दुसरी पलटण’ असे लिहून ठेवले, त्याने स्वतःसाठीच खड्डा खणला.

१८२४ च्या या फाळणीत अधिकाऱ्यांच्या याद्याही विभागल्या गेल्या, त्यामुळे एखादा अधिकारी जागेवरून न हलता वेगळ्या पलटणीत गेलेला दिसतो. ती बदली नव्हे, आणि तिच्यामागे कारण शोधत बसू नये. ग्रँटच्या १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इतिहासाच्या मुखपृष्ठावर तो मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या म्हणजे ग्रेनेडियर रेजिमेंटचा कॅप्टन म्हणवला गेला आहे. हे नाव फाळणीनंतरचे आहे, आणि पुस्तक निघाले तेव्हा तो हिंदुस्थान सोडून काही वर्षे स्कॉटलंडमध्ये राहत होता.

यादीत असणे आणि जागेवर असणे

या शेवटच्या वाक्यातच पुढचा धडा आहे. अधिकाऱ्याचे नाव पलटणीच्या यादीत आहे, याचा अर्थ तो पलटणीबरोबर होता असा होत नाही. दरबारातील वकिलाचा मदतनीस, दुभाषी, पोलिटिकल एजंट, सर्वेक्षण, रस्ते, बाजाराचा बंदोबस्त अशा शेकडो कामांसाठी अधिकारी पलटणीबाहेर जात, तेथे त्यांना भत्ते जास्त मिळत, आणि पलटणीतील त्यांची ज्येष्ठता चालूच राही. पलटण लढली तेथे आपला नायकही लढला असे गृहीत धरून कितीतरी कुटुंबांनी आपल्या पूर्वजांना न पाहिलेल्या रणांगणांवर उभे केले आहे.

ग्रँटची नोकरी याचा नमुना आहे. काठेवाडातील माळियाच्या गढीवरील हल्ल्यात तो ग्रेनेडियरांच्या एका तुकडीसह होता. पुढे तो पलटणीचा ॲडज्युटंट म्हणजे दैनंदिन व्यवस्था पाहणारा अधिकारी आणि फारसी भाषेचा दुभाषी झाला, आणि लेफ्टनंट असतानाच पुण्याचा रेसिडेंट म्हणजे दरबारातील कंपनीचा वकील माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने त्याला आपल्या मदतीला घेतले. त्याच्याबरोबर काम करणारा हेन्री पॉटिंजर पुढे हाँगकाँगचा पहिला गव्हर्नर झाला. येथून पुढे ग्रँट पलटणीच्या कागदांतून जवळजवळ नाहीसा होतो आणि रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहारात दिसू लागतो. म्हणून अशा वळणावर लष्करी दप्तर मिटून राजकीय दप्तर उघडावे. पुणे रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार जदुनाथ सरकार आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या देखरेखीखाली १९३६ पासून खंडशः छापला गेला आहे, आणि मूळ कागदांसाठी मुंबईतील एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील महाराष्ट्र शासनाचे पुराभिलेखागार गाठावे लागते.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी, खडकीची लढाई झाली त्या दिवशी, पुण्यातील संगमावरची रेसिडेन्सी जाळली गेली. एल्फिन्स्टनचा ग्रंथसंग्रह आणि तेथे राहणाऱ्यांचे सामानसुमान त्यात गेले. त्या तारखेपूर्वीचे खाजगी कागद पुण्यात सापडत नाहीत म्हणून शोध सोडू नये; कंपनीच्या रीतीप्रमाणे सरकारी पत्राच्या नकला वरिष्ठ सरकाराकडे आणि तेथून लंडनला जात, त्यामुळे मूळ जळाले तरी नक्कल मुंबईत किंवा लंडनमध्ये असण्याचा संभव मोठा असतो. खाजगी पत्रांबाबत हीच आशा पत्र ज्याला गेले त्याच्या कागदांत ठेवावी. लिहिणाऱ्याच्या घरात त्याची स्वतःची पत्रे सापडत नाहीत, हे ऐकायला साधे वाटते, पण शोधताना हमखास विसरले जाते.

छापील साधनांपैकी १८०३ पासून निघणाऱ्या ‘ईस्ट इंडिया रजिस्टर’च्या याद्या आणि १८१६ ते १८४५ पर्यंत चाललेले ‘एशियाटिक जर्नल’ ही दोन वर्षावर्षाने चाळावीत. दुसऱ्यात नेमणुका, रजा, जहाजांवरील प्रवासी, जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या बातम्या असतात. त्या लंडनमध्ये छापल्या जात आणि हिंदुस्थानची टपाल आफ्रिकेला वळसा घालून येई. म्हणून अंकाचा महिना आणि घटनेचा महिना यांत अनेक महिन्यांचे अंतर पडते. वहीत घटनेची तारीख लिहावी, अंकाची नव्हे.

रुमालांतला साहेब

मराठी अभ्यासकाला इंग्रज अभ्यासकापेक्षा एक गोष्ट जास्त उपलब्ध आहे आणि तिचा उपयोग न करणे हा करंटेपणा ठरेल. पुण्याच्या पुराभिलेखागारातील रुमालांत, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांत, संस्थानिकांच्या आणि इनामदारांच्या दप्तरांत, हाच अधिकारी मराठी माणसांच्या नजरेतून दिसतो. इंग्रजी पत्रात तो आपण काय ठरवले ते लिहितो. मोडी पत्रात त्याने कोणाला किती वेळ दाराशी बसवले, कोणत्या कारकुनाचे ऐकले, कोणाची सनद परत मागितली, हे येते. साताऱ्याच्या रेसिडेंटाचे चरित्र इंग्रजांचे साहाय्यक बाळाजीपंत नातू यांच्या उल्लेखाशिवाय लिहिता येते, परंतु ते अर्धे राहते.

या कागदांच्या तारखा मात्र बसून उलगडाव्या लागतात. मराठी पत्रांत शके, शुहूर सन आणि फसली सन असे वेगवेगळे कालगणनेचे प्रकार येतात आणि महिना व दिवस पुष्कळदा मुसलमानी चांद्रमासाचे असतात. दिवसाच्या आकड्यापूर्वी असणारे ‘छ’ हे अक्षर म्हणजे चंद्राची तारीख. शुहूर सन अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो. ‘समान अशर मयातैन व अलफ’ म्हणजे आठ, दहा, दोनशे आणि हजार, मिळून १२१८. हे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात जातो तेव्हापासून, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास, सुरू होते. म्हणून जून ते डिसेंबर या काळासाठी त्यात ५९९ आणि जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळवावेत. खडकीची लढाई याच सनात, शके १७३९ मध्ये झाली, आणि प्रतापसिंह ज्या अष्टीच्या लढाईनंतर इंग्रजांच्या हाती आले ती फेब्रुवारी १८१८ मधली लढाईही याच शुहूर सनात येते, जरी इसवी सन बदललेला असतो. एकच बेरीज दोन्हींना लावली की वर्षभराची चूक होते आणि मग साहेब साताऱ्यास नेमला जाण्यापूर्वीच तेथे न्यायनिवाडा करताना दिसतो.

पैसा, लूट आणि पदके

पगाराचे आकडे देताना कोणता रुपया हे पाहावे. १८३५ मध्ये कंपनीचा एकच रुपया सर्वत्र लागू होईपर्यंत इलाख्या-इलाख्याचे रुपये वेगळे होते, आणि मूळ पगारापेक्षा भत्त्यांची रक्कम मोठी असे. त्याचा आजच्या पैशात हिशेब करून देण्याचा आग्रह धरू नये. त्याऐवजी त्याच पानावरील सुभेदाराचा आणि शिपायाचा पगार शेजारी मांडावा.

१८१७-१८ च्या लढाईतील लुटीची वाटणी हा एक स्वतंत्र उद्योगच होता. ड्यूक ऑफ वेलिंग्टन आणि चार्ल्स आर्बथनॉट हे तिचे विश्वस्त होते आणि वाटा कोणाला मिळावा यावरून वर्षानुवर्षे वाद चालला. अशा वाटणीच्या याद्यांत माणूस कोणत्या दिवशी कोठे होता हे काटेकोरपणे सिद्ध करावे लागे, कारण पैशाचा प्रश्न होता. म्हणून त्या याद्या आठवणींच्या लेखनापेक्षा अधिक विश्वासार्ह असतात. पदकांचे तसे नाही. १८०३ ते १८२६ पर्यंतच्या लढायांसाठीचे ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक १८५१ मध्ये मंजूर झाले आणि ते तोवर हयात असलेल्यांनाच मिळाले. त्यावर खडकी, पुणे, कोरेगाव अशा पट्ट्या असतात. पट्टी असेल तर तो पुरावा. परंतु पदकांच्या यादीत नाव नाही म्हणून तो लढाईत नव्हता असे म्हणता येत नाही, कारण मधल्या तीन दशकांत बहुसंख्य लोक वारले होते.

घर, मृत्युपत्र, परतीची वाट

बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या चर्चमधील नोंदी ‘एन/१’ बंगाल, ‘एन/२’ मद्रास आणि ‘एन/३’ मुंबई अशा विभागल्या आहेत. मृत्युपत्रे ‘एल/एजी/३४/२९’ मध्ये आणि मृताच्या सामानाच्या याद्या ‘एल/एजी/३४/२७’ मध्ये आहेत. सामानाच्या याद्या वाचण्यात वेळ खर्च करावा. त्यांत पुस्तके, घोडे, दारूच्या बाटल्या, तंबू आणि कधी कधी लिलावात ते घेणाऱ्यांची नावेही असतात. मृत्युपत्रांत हिंदुस्थानी स्त्रिया आणि त्यांची मुले यांना दिलेल्या रकमा अनेकदा आढळतात. इंग्लंडमधील कुटुंबाने पुढे लिहिलेल्या हकिकतींत त्यांचा पत्ता नसतो. त्यांची नावे, कागदात जशी असतील तशी, चरित्रात यावीत. वंशजांच्या संकोचासाठी ती गाळू नयेत.

नोकरीचा शेवट शोधताना रजा आणि निवृत्ती यांत गल्लत होऊ देऊ नये. प्रकृतीच्या कारणाने घेतलेली रजा वर्षानुवर्षे लांबे आणि अधिकारी यादीत तसाच राही. ग्रँटने साताऱ्याचा कारभार १८२२ मध्ये प्रतापसिंहांच्या हाती सोपवला आणि प्रकृती खालावल्यामुळे तो मायदेशी गेला. १८२५ मध्ये त्याने जेन कॅथरीन एन्स्ली हिच्याशी विवाह केला, मिळकत सांभाळली, इतिहास पुरा केला आणि २३ सप्टेंबर १८५८ रोजी तो वारला. त्याचा मुलगा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ १८८१ ते १८८६ मद्रासचा गव्हर्नर होता. मुलाच्या नावातच बापाची निष्ठा कोठे होती ते दिसते.

१८६१ नंतरच्या अधिकाऱ्यांसाठी वरीलपैकी बरेच बदलते. तेव्हा तिन्ही इलाख्यांत स्टाफ कोअर म्हणजे अधिकाऱ्यांचा पलटणींपासून स्वतंत्र संघ स्थापन झाला आणि बढती जागेऐवजी नोकरीच्या वर्षांवर, आरंभी १२ वर्षांनी कॅप्टन, २० वर्षांनी मेजर आणि २६ वर्षांनी लेफ्टनंट-कर्नल, अशी मिळू लागली. त्यामुळे बढतीच्या तारखा सरळ होतात आणि चरित्रकाराच्या दृष्टीने तेवढ्याच नीरसही होतात.

लिहिताना

वही भरली की प्रथम सलग कालक्रम लिहावा आणि मगच प्रकरणे पाडावीत. अधिकाऱ्याला त्या त्या काळातील नावाने आणि हुद्द्याने संबोधावे: माळियापाशी एन्साइन ग्रँट, संगमावर लेफ्टनंट ग्रँट, साताऱ्यात कॅप्टन ग्रँट आणि ईडनला गेल्यावर ग्रँट डफ. पहिल्या पानावर एकदा ही नावे सांगितली की वाचक गोंधळत नाही.

त्याच्या कामाचा हिशेब त्याच्या कार्यकाळाच्या शेवटी थांबवू नये. ग्रँटच्या देखरेखीखाली २५ सप्टेंबर १८१९ रोजी प्रतापसिंहांशी तह झाला. १८३९ मध्ये कंपनीने त्याच प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला पाठवले, रंगो बापूजी गुप्ते त्यांची बाजू मांडण्यासाठी लंडनमध्ये अनेक वर्षे झगडले, आणि पुढे डलहौसीच्या कारकिर्दीत सातारा संस्थान खालसा झाले. ग्रँट या सर्व काळात जिवंत होता. या घटना घडत असताना त्याने कोणाला काय लिहिले, किंवा काहीच लिहिले नाही का, हा प्रश्न विचारून त्याची १८३९ ते १८५८ ही वीस वर्षे वहीत रिकामी असली तरी ओळ ओळ आखून ठेवावीत. तसेच १८६० च्या दशकात नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी त्याच्या इतिहासावर मराठीत जी टीका केली, ती मृत्यूनंतरची म्हणून परिशिष्टात न टाकता इतिहासग्रंथाच्या प्रकरणातच घ्यावी, कारण त्याने वापरलेली साधने कोणती आणि सोडलेली कोणती, हे तपासण्याची सुरुवात तेथून होते.

गावांची नावे जुन्या इंग्रजी कागदांत असतील तशी वहीत ठेवावीत आणि चरित्रात आजची मराठी नावे द्यावीत. मूळ रूप वहीत राहिले म्हणजे पुढे कोणाला तोच कागद पुन्हा काढावयाचा झाला, तर दप्तराच्या सूचीत कोणत्या अक्षराखाली पाहावयाचे हे कळते.